खेळाडूचे मोल

लखनौ शहराच्या उत्तरेस, गोमतीच्या पैलतीरावर इंदिरा नगर नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. मुन्शीपुलियापर्यंत येणाऱ्या मेट्रोने 2019 पासून ही वसाहत जुन्या शहराशी जोडली गेली. फैजाबाद रस्ता ओलांडून दक्षिणेस गोमतीनगरात शिरले, की मेजर ध्यानचंद यांचे नाव धारण करणारे हॉकीचे क्रीडागार लागते. 2016 च्या डिसेंबरात याच मैदानावर भारताच्या तरुण संघाने अंतिम सामन्यात बेल्जियमचा 2-1 असा पराभव करून ज्युनियर विश्वचषक जिंकला. मात्र या मैदानाच्या वाट्याला आणखी एक अनुभव आलेला आहे. तो आहे खेळाडूंच्या खरेदीविक्रीचा.

खेळाडूची किंमत ठरवावी, हा विचार भारतीय मनाला प्रथमदर्शनी रुचत नाही. गुरे बाजारात उभी करावीत तशी माणसे लिलावात उभी करायची, ही कल्पनाच अनेकांना बोचते. परंतु गुणी खेळाडूला कोणाचा तरी आश्रय लागतोच, हेही तितकेच खरे. कोल्हापूरच्या मल्लांना शाहू महाराजांचा राजाश्रय लाभला म्हणून तेथील तालमी नांदत्या राहिल्या. हॉकीला हा आश्रय मिळाला तो नोकरीच्या रूपाने. ध्यानचंद 1922 साली साधे शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाले आणि 1956 साली मेजर होऊन निवृत्त झाले. पुढे रेल्वे, पोलीस, विमान कंपन्या आणि मोठे कारखाने यांनी खेळाडूंना पदरी घेतले. पुण्याजवळच्या खडकीत, मोडक्या काठ्यांनी खेळून तयार झालेले धनराज पिल्ले मुंबईस आले, महिंद्र आणि महिंद्र या कंपनीच्या संघातून नावारूपास आले आणि चार ऑलिंपिक स्पर्धा खेळले. या व्यवस्थेत पगार बेताचा असे. पण तो महिन्याच्या महिन्याला मिळे आणि खेळ संपल्यावरही चूल पेटती राही.

याच्या अगदी उलट रीत उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत रुळलेली आहे. तेथे एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघास देतो आणि बदल्यात खेळाडू अथवा पैसा घेतो. 9 ऑगस्ट 1988 रोजी कॅनडातील एडमंटनच्या संघाने वेन ग्रेट्स्की या अद्वितीय खेळाडूला लॉस एंजेलिसच्या हवाली केले. मोबदल्यात दीड कोटी डॉलर, दोन खेळाडू आणि पुढील वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे तीन अग्रहक्क पदरात पडले. कॅनडात हाहाकार उडाला. सरकारने हा सौदा रोखावा, अशी मागणी पार्लमेंटच्या एका सदस्याने केली. परिणाम मात्र कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे झाले नाहीत. एडमंटनने 1990 साली ग्रेट्स्कीवाचूनच अजिंक्यपद मिळविले. लॉस एंजेलिसला अजिंक्यपदाने हुलकावणी दिली. 1993 साली तो संघ अंतिम फेरीत हरला. पण ज्या उबदार कॅलिफोर्नियात बर्फ पाहावयास डोंगर चढावा लागतो, तेथे हा खेळ लोकप्रिय झाला आणि 1991 व 1993 साली त्या प्रांतात आणखी दोन संघ उभे राहिले. एका गावाचे दुःख दुसऱ्या प्रदेशाचे भाग्य ठरले.

भारतीय हॉकीत लिलावाचा हातोडा पडला तो 2012 च्या डिसेंबरात. हॉकी इंडिया लीगच्या त्या पहिल्या लिलावात लखनौच्या ‘उत्तर प्रदेश विझर्ड्‌स’ या संघाने कर्नाटकचा व्ही. आर. रघुनाथ 76 हजार डॉलरना आणि हॉलंडचा ट्यून डी नोयर 66 हजार डॉलरना घेतला. डी नोयर हा दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा धनी. ज्याचा खेळ दुरून पाहण्यातही धन्यता मानावी, असा पुरुष लखनौच्या मैदानावर भारतीय पोरांच्या खांद्याला खांदा लावून खेळू लागला. चेंडू येण्यापूर्वीच मान वळवून मैदान कसे हेरावे, हे शंभर व्याख्यानांनी उमगत नाही. शेजारी खेळणाऱ्याकडे पाहून उमगते. लिलावाचा खरा लाभ हा होता.

पण पैशाच्या पायावर उभे राहिलेले घर पैसा आटताच डळमळते. 2017 नंतर ही स्पर्धाच बंद पडली आणि कित्येक खेळाडूंचे हंगामी उत्पन्न एकाएकी थांबले. त्या काळात ज्यांना नोकरीचा आधार होता, ते तगले. 2024 च्या ऑक्टोबरात लिलाव पुन्हा भरला. हरमनप्रीत सिंग 78 लाख रुपयांना सूरमा संघाकडे गेला, तर हार्दिक सिंग 70 लाखांना उत्तर प्रदेशच्या नव्या ‘रुद्राज’ संघाकडे आला. परंतु त्या हंगामात पुरुषांचे सामने झाले ते ओडिशातील राउरकेला येथे. संघाच्या नावात उत्तर प्रदेश. लखनौकरांनी मात्र आपला संघ पाहावयाचा तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर! ज्या मुलाने कुंपणाला नाक लावून थोर खेळाडूचे पाय न्याहाळावयाचे, त्याला या सौद्यातून काय लाभले?

हा प्रश्न लखनौच्या बाबतीत अधिकच टोचतो. कारण हे शहर खेळाडू विकत घेण्यापेक्षा खेळाडू घडविण्यात थोर आहे. 1952 साली हेलसिंकी येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार के. डी. सिंग ‘बाबू’ याच परिसरातील बाराबंकीचे. त्यांच्या नावाच्या क्रीडागारात भाजीविक्रेत्याची मुलगी मुमताज खान तयार झाली आणि 2022 च्या ज्युनियर विश्वचषकात तिने आठ गोल केले. अशा मुलीच्या हाती पहिली काठी देणाऱ्या शिक्षकाचे मोल कोणत्याही लिलावात पुकारले जात नाही.

फुटबॉलच्या जगाने यावर एक उपाय शोधला आहे. खेळाडूची विक्री झाली, की रकमेतील पाच टक्क्यांपर्यंत हिस्सा त्याला लहानपणी घडविणाऱ्या संस्थांना द्यावा, असा तेथे नियम आहे. भारतीय हॉकीतील लिलावाची रीत निराळी; तरीही असा एक वाटा क्रीडावसतिगृहांकडे वळविणे अशक्य नाही. आंब्याला बाजारात चांगला भाव यावा, याबद्दल कोणाचीच तक्रार नसते. मात्र त्या पैशातून झाडाच्या बुंध्याशी पाणी जाते की नाही, हे पाहणे बागाईतदाराचे कर्तव्य होय. झाडच वाळले तर पुढच्या मोसमात बाजार भरेल. पण त्यात मांडावयास फळ उरणार नाही.