आपला राखणदार पक्षी

आपल्या महाड-पोलादपूरच्या गावांना राखणदार असतो. शिवेवर नारळ ठेवल्याशिवाय आपण मोठं काम सुरू करत नाही. चीनमध्येही जुन्या काळी चार दिशांना चार राखणदार मानत. पूर्वेला निळा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, उत्तरेला काळं कासव आणि दक्षिणेला तांबडा पक्षी. थडग्यांच्या भिंतींवरही त्यांची चित्रं काढत.

मग आपला राखणदार पक्षी कोणता? रामायण आठवा. रावण सीतामाईला पळवून नेत होता, तेव्हा तिची हाक ऐकून कोण धावलं? म्हातारा जटायू. जिंकणार नाही हे ठाऊक असूनही तो लढला, पंख तुटून पडला. जीव जाईपर्यंत थांबून त्याने रामाला सीतेची वाट सांगितली. रामाने बापासारखे त्याचे अंत्यसंस्कार केले. इगतपुरीजवळच्या टाकेदला लोक त्याची जागा मानतात.

हा जटायू म्हणजे गिधाड. आणि आपण? कुणी हावरट दिसला की म्हणतो, "गिधाड मेला!"

खरं तर गिधाड आजही राखणच करतं. मेलेलं ढोर ते बघता बघता साफ करतं. गिधाडं गेली की मढं कुजत पडतं, भटकी कुत्री वाढतात. आणि गिधाडं गेलीच. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात शंभरातली नव्याण्णव संपली. कारण होतं डायक्लोफेनॅक, गुरांना दुखण्यावर देतात ते औषध. औषध दिलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की गिधाडाची किडनी बंद पडते. मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही.

2006 साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही घातली. महाडच्या सीस्केप संस्थेने म्हसळ्याच्या चिरगावात गावकऱ्यांना सोबत घेऊन गिधाडं जपली आहेत. पण बंदी कागदावर असून भागत नाही. गोठा आपल्या हातात असतो.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. गाय लंगडली किंवा तापली, तर घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तिला देऊ नका. डॉक्टर आले की विचारा, "मेलॉक्सिकॅम चालेल का?" ते गिधाडांना सुरक्षित आहे. आणि औषध चालू असताना जनावर दगावलं, तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत ही नावं वहीत लिहून ठेवा. एका बाईच्या हाकेला जटायू धावला होता. आता त्याची पाळी आहे, आणि धावायचं आपण आहे.