आडनावाची पाटी आणि सोमवारचा फोन

 

शिकायला किंवा नोकरीला घराबाहेर पडलेल्या मुलींबद्दल आपण इथं पुष्कळदा बोलतो. आज जरा लांबच्या मुलीबद्दल सांगते. समजा, ती अमेरिकेतल्या युटा राज्यातली आहे. वय १९. ती जपानला गेली आहे, १८ महिन्यांसाठी, आणि या कामाला पगार नाही. अशी हजारो तरुण मुलंमुली आज जगभर पसरलेली आहेत. त्यांना मॉर्मन मिशनरी म्हणतात.

मॉर्मन हा ख्रिस्ती परंपरेतून निघालेला पंथ. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी तो स्थापन केला. आज त्याचं मुख्य ठाणं युटातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. आपल्या पंथाची शिकवण लोकांना सांगायची, हे या मुलांचं काम. ती शिकवण कुणाला पटावी की पटू नये, हा आजचा विषय नाही. मला बोलायचंय ते त्या मुलीच्या दिवसाबद्दल आणि तिच्या घराच्या दाराबद्दल.

मुलगे दोन वर्षं जातात, मुली १८ महिने. मुलग्यांनी जावं अशी पंथाची अपेक्षाच असते. मुलींना मोकळीक आहे, जायचं तर जा. अविवाहित मुलींना हे काम पहिल्यांदा मिळालं १८९८ साली. इनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोघी तेव्हा इंग्लंडला गेल्या. पुढं कित्येक वर्षं मुलींना २१ वर्षांची होईपर्यंत थांबावं लागे. २०१२ मध्ये ती अट १९ वर आली आणि मुलींची रीघ लागली. २०२५ च्या नोव्हेंबरात तर मुलींनाही मुलांसारखं १८ व्या वर्षी जायची परवानगी मिळाली.

कुठं जायचं, हे मात्र आपण ठरवायचं नाही. अर्ज भरायचा आणि वाट बघायची. उत्तर येतं त्यात देश लिहिलेला असतो. खर्चही आपलाच. अमेरिकेतल्या मुलांना महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, देश महाग असो की स्वस्त. कुणी शाळेत असताना काम करून साठवतं, कुणाचे आईवडील भरतात. जपानीसारखी भाषा असेल तर आधी काही आठवडे शिकवणी होते. प्रोव्हो गावात त्यासाठी मोठं केंद्र आहे. पण खरी भाषा शिकायची ती जपानच्या रस्त्यावरच.

तिथं पोचल्यावर तिच्या छातीवर काळी पाटी लागते. त्या पाटीवर तिचं नाव नसतं, नुसतं आडनाव. इंग्रजीत आडनावाआधी ‘सिस्टर’, जपानीत आडनावानंतर ‘शिमाई’, म्हणजे बहीण. मुलगा असेल तर ‘एल्डर’. म्हणजे घरी जिला लाडाच्या नावानं हाक मारत, तिला १८ महिने सगळे आडनावानंच ओळखतात. लग्नानंतर ज्यांचं नाव बदललं, त्या मैत्रिणींना हे जास्त समजावून सांगायला नको.

तिला एक जोडीदारीण मिळते. तीही वरून ठरवलेली. दोघींनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, एकत्र बाहेर पडायचं. एकटीनं कुठं जायचं नाही. जोडीदारीण जपानी असेल, ऑस्ट्रेलियाची असेल, घोरणारी असेल, अबोल असेल. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बदलीचा निरोप येतो. मग नवी जोडीदारीण, कधी नवं गावही.

आता दिवस बघा. सकाळी साधारण साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ, न्याहारी. त्यानंतर धर्मग्रंथांचा अभ्यास, भाषेचा अभ्यास. मग हेल्मेट घालून सायकल काढायची. जपानात बऱ्याच ठिकाणी त्यांचा प्रवास सायकलवरच. पावसात आणि बर्फात मुली स्कर्ट सांभाळत सायकल चालवत. २०१८ च्या डिसेंबरात त्यांना एरवीच्या दिवशी पँट घालायची परवानगी मिळाली. ऐकायला लहान गोष्ट आहे, पण दिवसभर पायडल मारणाऱ्या मुलीला विचारा.

दिवसभर काय करायचं? रस्त्यात लोकांशी बोलायचं, ओळखीच्या माणसांना भेटायचं, दारं वाजवायची. जपानात या मिशनऱ्यांचं काम पहिल्यांदा १९०१ मध्ये सुरू झालं, पण तिथं ख्रिस्ती माणसं आधीच फार थोडी. त्यामुळं बहुतेक दारांतून नकारच मिळतो. तोही मऊ. ‘केक्को देसु’ म्हणायचं, म्हणजे ‘नको, ठीक आहे’, आणि दार हळूच लावून घ्यायचं. असं दिवसात कितीतरी वेळा. ज्या मुलीनं घरी कधी ‘नाही’ ऐकलं नव्हतं, ती रोज ते ऐकते आणि हसून पुढच्या दाराकडं जाते. संध्याकाळी कुठं इंग्रजी बोलायला शिकवण्याचा फुकट वर्ग घेते. तिथं मात्र लोक आनंदानं येतात.

एखादी आजी दार उघडते, आत बोलावते आणि हिरवा चहा पुढं करते. इथं पंचाईत. मॉर्मन लोकांना चहा-कॉफी वर्ज्य. दारू-तंबाखूही वर्ज्य, पण त्या आजीबाई काही तंबाखू देत नाहीत! आपल्याकडं पाहुणीनं चहा नको म्हटलं तर कसं वाटतं, ते आपल्याला ठाऊक आहे. जपानात तसंच. मग ती मुलगी मोडक्या जपानीत माफी मागते. भाजलेल्या सातूचा काढा, ज्याला तिथं ‘मुगीचा’ म्हणतात, तो त्यांना चालतो. आजींकडं तो असला की दोघींचाही मान राहतो.

रात्री नऊ-साडेनऊपर्यंत घरी. उद्याचं ठरवायचं, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलांशी फिरणं नाही. आठवड्यात एक दिवस, बहुधा सोमवार, मोकळा. त्यात कपडे धुवायचे, भाजी आणायची, झाडझूड करायची आणि घरी फोन करायचा.

या फोनची गोष्ट ऐका. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत या मुलांना घरी फोन करायला वर्षातून दोनदाच मिळे. एकदा नाताळला, एकदा मातृदिनाला. एरवी पत्र किंवा ईमेल. नियम बदलल्यावर आता दर आठवड्याला बोलता येतं, तोंडही बघता येतं. जपानात सोमवारी सकाळचे दहा वाजतात, तेव्हा युटात थंडीच्या दिवसांत रविवारचे संध्याकाळचे सहा झालेले असतात. घरचे सगळे फोनभोवती जमतात. कल्पना करा, वर्षातून दोनदा बोलणारी आई आणि दर आठवड्याला लेकीचा चेहरा बघणारी आई. लेक ‘मी मजेत आहे’ म्हणते, पण डोळ्यांखाली काळं आलंय, हे ईमेलात कसं दिसणार?

आणि काही मुलं मजेत नसतात, हेही सांगायला हवं. कुणी आजारी पडतं. कुणाला रात्ररात्र झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सकाळी उठवत नाही. मग ती मुदतीआधी घरी परततात. घरून निघताना सगळ्या ओळखीच्यांनी निरोप दिलेला असतो, म्हणून परत येणं जड जातं. शेजारी विचारतात, ‘इतक्यात कशी आलीस?’ त्या मुलीला वाटतं, आपण हरलो. अशा मुलांसाठी पंथानं आता एक वाट ठेवली आहे. घरी राहून जवळपास सेवेचं काम करायचं आणि उरलेली मुदत पुरी करायची. पण लोकांच्या नजरेचं काय?

२०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळं हजारो मिशनरी परदेशांतून एकदम घरी परतले. त्यांना कुणी हरलेले म्हटलं नाही. सगळे आले तर संकट, आणि एकटी आली तर तिचाच दोष, असं कसं? तिच्या आतलं संकट दिसत नाही एवढाच फरक.

मैत्रिणींनो, म्हणूनच ही लांबची गोष्ट आज सांगितली. आपण मुलीला सासरी पाठवतो, हॉस्टेलवर पाठवतो, शहरात नोकरीला पाठवतो. निघताना सांगतो, ‘नीट राहा, जमवून घे.’ तेही सांगावंच. शिस्त, कष्ट, नकार पचवणं, अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत राहणं, यातून माणूस घडतं. युटातली ती मुलगी परत येते तेव्हा जपानी बोलत येते, अनोळखी दारात उभं राहायची भीती गेलेली असते. पण त्याच वेळी दुसरंही वाक्य सांगून ठेवायला हवं: ‘नाहीच जमलं तर ये. कारण मागाहून विचारू.’ हे वाक्य ती निघायच्या आधीच सांगायचं. रडत फोन आल्यावर सांगितलं, तर तिला ते दया वाटते.

आणि फोनवर नुसतं ‘जेवलीस का’ विचारून ठेवू नका. जेवण झालं की झोप विचारा. जोडीदारीण कशी आहे, खोलीतली मैत्रीण कशी आहे, ते विचारा. ती गप्प बसली तर तुम्हीही थोडं गप्प बसा, फोन ठेवू नका. आणि तिला घरच्या नावानं हाक मारा. दिवसभर ते कुणी घेतलेलं नसतं.

एवढं बोलून आजचं भाषण संपवते. नमस्कार.