मोठा गीतसंग्रह आणि डीजेचें यंत्र

घरांत पुस्तकें पन्नास असलीं तर कपाट कोणतेंही चालतें; पांच हजार झालीं म्हणजे मात्र कपाटापेक्षां सूचीची किंमत अधिक कळूं लागते. गाण्यांचेंही तसेंच आहे. समारंभांत एका गाण्याला दुसरें गाणें बेमालूम जोडून लोकांना नाचतें ठेवणारा जो वादक, त्याला जगभर डीजे म्हणतात. त्याचा संग्रह वाढत गेला म्हणजे कोणतें यंत्र घ्यावें हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. आणि बहुधा तो त्याचें उत्तर यंत्रावरील बटणें मोजून शोधतो. चूक होते ती येथेंच.

ता. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागांत कूल हर्क या तरुणानें बहिणीनें योजिलेल्या समारंभांत दोन टर्नटेबलांवर तबकड्या वाजविल्या. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीं झाला असें मानतात. त्या काळीं तबकड्या पेट्यांतून वाहून न्याव्या लागत. पेटीचें ओझें हीच निवडीची कसोटी होती. जें उचलवत नसे तें घरीं राही.

आज ओझें गेलें आणि त्याबरोबर निवडीची शिस्तही गेली. सेकंदास ३२० किलोबिट दर्जाच्या एमपी-३ गाण्याला मिनिटास सुमारें २.४ मेगाबाइट जागा लागते. पांच मिनिटांचें एक, अशीं वीस हजार गाणीं २४० गिगाबाइटांत, म्हणजे खिशांतील डबीएवढ्या डिस्कवर मावतात. पण अहोरात्र वाजविलीं तरी संपावयास ६९ दिवस लागतील! सीडीच्या दर्जाच्या वेव्ह स्वरूपांत तींच ठेवलीं तर जागा चौपटीहून अधिक लागेल. या ६९ दिवसांच्या संगीतांतून पुढचें गाणें शोधण्यास वादकाजवळ असतात तीं चालू गाण्याचीं चार-पांच मिनिटें. तेवढ्यांत तें हातीं आलें नाहीं, तर नाचणारीं पावलें थांबतात आणि भरलेलें अंगण रिकामें होतें.

यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. पहिला कंट्रोलरचा. यांत गाणीं लॅपटॉपवर असतात व सेराटो, ट्रॅक्टर यांसारखी प्रणाली तीं वाजविते. मोठा पडदा आणि पुरता कळफलक समोर असल्यामुळें शोध येथें सर्वांत सुलभ. मात्र लॅपटॉप अडला कीं सर्वच अडतें. दुसरा प्रकार स्वतंत्र प्लेअरांचा. पायोनियरचा सीडीजे-२००० हा २००९ सालचा प्लेअर यूएसबीवरील गाणीं घेऊं लागला. परंतु त्याची सूची आधीं घरीं, रेकॉर्डबॉक्स या प्रणालींत तयार करावी लागते. फ्लॅक स्वरूपाचीं गाणीं तो वाजवीत नाहीं. ती सोय या मालिकेंत २०१६ च्या नेक्सस-२ मध्यें आली. शिवाय विंडोज संगणकाची नेहमींची एनटीएफएस मांडणी असलेली डिस्क हे प्लेअर वाचीत नाहींत. हें ठाऊक नसलेल्या वादकाचा अवघा संग्रह ऐन मांडवांत मुका होतो. तिसरा प्रकार सर्व अंगें एकत्र असलेल्या यंत्राचा. २०१९ च्या डेनॉन प्राइम-४ मध्यें डिस्क यंत्राच्या पोटांतच बसवितां येते, पडद्यावर अक्षरें दाबून गाणें शोधतां येतें, व नव्या गाण्याची लय यंत्र स्वतःच मोजतें. मोठा संग्रह आणि लॅपटॉपचा कंटाळा, या दोहोंचा मेळ येथें बसतो.

तथापि कोणतेंही यंत्र अव्यवस्थेला व्यवस्था करून देत नाहीं. मराठी गाण्यांच्या संग्रहांत हा अनुभव ठळकपणें येतो. ‘सैराट’मधील ‘झिंगाट’ हेंच नांव रोमन लिपींत कोणी झेडनें आरंभितो, कोणी जे-एचनें. कोणी एक ‘ए’ लिहितो, कोणी दोन. शोधणाराची बोटें एक रूप लिहितात, संग्रहांत असतें दुसरें. गाणें खिशांत असून नसल्यासारखेंच! म्हणून नांवें एका पद्धतीनें लिहिणें, दुहेरी प्रती काढून टाकणें, आणि हळद, वरात, स्वागत अशा प्रसंगवार याद्या करणें हें काम यंत्रखरेदीच्या आधींचें आहे.

आणखी एक गोष्ट. गाणें कोठें उचलावें याच्या खुणा वर्षानुवर्षांच्या श्रमानें सूचींत जमतात. एका कंपनीच्या सूचींतील खुणा दुसरीच्या यंत्रांत जशाच्या तशा उतरतीलच असें नाहीं. यंत्र बदलतां येतें; ते श्रम पुन्हां विकत मिळत नाहींत. यासाठीं सूचीसह सर्व संग्रहाची दुसरी प्रत निराळ्या जागीं ठेवणें हा खर्च नव्हे, विमा होय.

तेव्हां जाणत्यानें दुकानांत जातांना आपलीच डिस्क बरोबर न्यावी, कोणाला तरी दहा गाण्यांचीं नांवें उच्चारावयास सांगावीं, आणि प्रत्येक गाणें किती वेळांत सांपडतें तें घड्याळ लावून पाहावें. जें यंत्र या परीक्षेंत उतरेल तेंच त्याचें. मग त्यावर दिवे थोडे कां लुकलुकेनात!