दाढ, पगार आणि केसपेपर

आज माझे शब्द जरा अडखळतील, कारण तोंडात टाके आहेत.

झालं असं, की खालची दाढ महिनाभर ठणकत होती. डोंबिवलीतल्या एका क्लिनिकने रूट कॅनल आणि कॅपचे ९,००० सांगितले. पगार १० दिवस लांब. मग मी काय केलं? मेडिकलमधून अँटिबायोटिकची स्ट्रिप आणली. दुखणं थांबलं, मी खूश! पण गोळीने इन्फेक्शन नुसतं दबतं हो. मुळाशी साठलेला पू तिथेच राहतो.

पुढच्या आठवड्यात गाल टम्म सुजला, ताप भरला, तोंडात एक बोट जाईना. क्लिनिकमध्ये काय, तर आधी अॅडव्हान्स भरा. आई म्हणाली, "अगं, सरकारी दातांचं कॉलेज आहे ना मुंबईत!" मला खरंच माहीत नव्हतं.

सकाळची लोकल पकडून सीएसएमटी. स्टेशनजवळच, सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय. केसपेपर अगदी थोडक्यात निघाला, रांग मात्र मोठी. सूज बघून मला पुढे घेतलं. शिकाऊ डॉक्टर, शेजारी मॅडम उभ्या. पू काढला, दाढही काढावी लागली. मॅडम ओरडल्या, "जिभेखाली, मानेकडे सूज उतरली असती तर श्वास अडकला असता. गिळता येईना झालं तर ओपीडीची वाट बघायची नाही, रात्री असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठायची!"

दाढ गेली, याचं वाईट वाटतंच. महिन्याभरापूर्वी हीच लोकल पकडली असती तर कदाचित वाचली असती.

शुक्रवारी टाके काढायचेत. पुढचा एपिसोड त्यानंतरच!