पिस्तुलाच्या जागी मतपत्रिका



निवडणूक जवळ आली की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली भिंत पूर्वी रातोरात चुन्यानं पांढरी व्हायची. कोपऱ्यात एखाद्या पक्षाचं नाव पडायचं आणि भिंत 'राखीव' व्हायची. तिच्यावर पुढं काय लिहिलं जाणार, हे पोरांनाही ठाऊक असे. पण ज्या देशांत चाळीस वर्षं भिंतींवर एकच पक्ष बोलत होता, तिथं दुसरा आवाज उमटला तेव्हा तो काय म्हणाला असेल? आज पोलंड आणि हंगेरीतल्या अशा काही पोस्टरांविषयी बोलायचं आहे.

४ जून १९८९. पोलंडमध्ये मतदान होतं. कनिष्ठ सभागृहाच्या ४६० जागांपैकी १६१ आणि सिनेटच्या सगळ्या १०० जागा खुल्या होत्या. त्या सकाळी वॉर्सातल्या भिंतींवर चक्क गॅरी कूपर दिसू लागला. 'हाय नून' या १९५२च्या सिनेमातला, गावगुंडांना एकटा सामोरा जाणारा मार्शल. तोमाश सार्नेत्स्की या तरुण चित्रकारानं त्याच्या हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका दिली होती आणि छातीवर सॉलिडॅरिटीचा बिल्ला लावला होता. मजकूर एवढाच : 'ऐन दुपारी, ४ जून १९८९'. 'ऐन दुपारी' हे त्या सिनेमाचंच पोलिश नाव. मत कुणाला द्या, असा आदेश कुठं नाही. बाकीचं वाक्य बघणाऱ्यानं मनात पुरं करायचं. सेन्सॉरच्या काळात तिथल्या चित्रकारांनी नाटक-सिनेमाच्या पोस्टरांतून आडून बोलण्याची कला कमावली होती, ती इथं कामी आली.

नेहमीच्या वळणाची पोस्टरंही होतीच. उमेदवार आणि शेजारी लेक वालेन्सा. ओळखीचा चेहरा शेजारी असला की अनोळखी नावावर भरवसा बसतो, हे आपल्याला काही नवं नाही. दोन फेऱ्यांनंतर सॉलिडॅरिटीनं खुल्या १६१ जागा आणि सिनेटच्या ९९ जागा जिंकल्या.

हंगेरीत १९९०च्या निवडणुकीसाठी इश्तवान ओरोस यांनी सोव्हिएत अधिकाऱ्याची जाडजूड मान पाठीमागून रंगवली. वर दोनच शब्द, तेही रशियन लिपीत : 'तवारिशी, कन्येत्स'. म्हणजे, कॉम्रेडहो, संपलं. रशियन तिथं शाळेत सक्तीची होती, त्यामुळं निरोपाचे ते शब्द साऱ्यांनाच वाचता आले. कवी म्हणून मला या दोन शब्दांचा हेवा वाटतो.

त्याच निवडणुकीत फिडेस या तरुणांच्या पक्षाचं एक पोस्टर होतं. वर ब्रेझनेव आणि होनेकर यांचं गाजलेलं चुंबन, खाली बाकावर एक तरुण जोडपं तसंच. मजकूर : 'निवडा बरं!' बघणारा आधी हसणार, मग निवडणार.

पुढं हाच पक्ष सत्तेवर आला. २०१५ साली सीरिया-अफगाणिस्तानातून निर्वासित युरोपकडं चालत निघाले, तेव्हा त्याच्या सरकारनं देशभर फलक लावले. एकावर होतं : 'हंगेरीत आलात तर हंगेरियनांच्या नोकऱ्या घेऊ शकणार नाही.' गंमत अशी, की हे लिहिलं होतं हंगेरियन भाषेत. ज्यांना उद्देशून लिहिलं, त्या बापड्यांना ती भाषा येतच नव्हती. म्हणजे बोलणं परक्यांशी, पण ऐकवायचं होतं घरच्यांना.

हे वाचलं आणि मी थबकलो. मराठीत लिहिणारा मी मुसलमान कवी. मजकूर आपल्याविषयी असावा आणि आपल्याशी बोललेला मात्र नसावा, हा अनुभव मला नवा नाही. मराठी मला नीट वाचता येते, एवढाच काय तो फरक.

हंगेरीत त्या फलकांना उत्तरही फलकांनीच मिळालं. 'दोन शेपट्यांचा कुत्रा' नावाच्या विनोदी पक्षानं लोकवर्गणी काढून आपले फलक उभे केले. एकावर लिहिलं होतं : 'हंगेरीत खुशाल या, आम्ही तसेही इंग्लंडमध्येच कामाला आहोत!' १९९०चं ते हसू अगदीच विरून गेलं नव्हतं तर.

आता कुठल्याही निवडणुकीत भिंतीपुढं उभा राहिलो की मी रंग आणि चेहरा नंतर बघतो. आधी दोन गोष्टी तपासतो. हे कुणाशी बोलतंय? आणि कुणाविषयी?