भुयारातली आगगाडी आणि तिचे तिकीट

(गुहागर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते मुंबईच्या वाचनालयांत, पाळी संपल्यावर, डोळ्यांवरची झोप आवरीत झाले. गेली तीस वर्षे मी कामगारांच्या संघटनेचे काम करतो. तेव्हा मी जे बोलेन ते कामगाराच्या बाजूने बोलेन, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

विषय ऐकून माझे एक स्नेही मला म्हणाले, "अहो, आपल्या गुहागरात जमिनीवरची आगगाडी आली नाही, आणि तुम्ही जमिनीखालची काय सांगता?" त्यांचे म्हणणे खरे आहे. आपल्याला गाडी धरायची तर चिपळूण गाठावे लागते. परंतु गुहागर तालुक्यात असे घर विरळाच, की ज्यातला एक तरी माणूस मुंबईला नाही. पूर्वी तो दाभोळहून बोटीने गेला, नंतर एस.टी.ने गेला, १९९८ पासून कोकण रेल्वेने जातो. त्याचे पोट मुंबईत आहे आणि त्याच्या दिवसाचे तीन-चार तास गाडीच्या डब्यात जातात. त्या मुंबईच्या पोटातून आता गाडी धावू लागली आहे. ती कोणासाठी धावते, हा प्रश्न म्हणूनच गुहागरचाही आहे.

प्रथम एक फरक ध्यानात घ्या. बोगदा आपल्याला नवा नाही. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे. पण तिथे डोंगर आडवा आला म्हणून गाडी आत शिरते आणि पलीकडे निघते. भुयारी रेल्वेची गोष्ट निराळी. तिला आडवे येते ते शहर. घरे, दुकाने, रस्ते इतके दाटलेले असतात, की वर रूळ टाकायला जागाच उरत नाही. मग गाडी खाली उतरते, तिची स्थानकेही खालीच होतात.

हा प्रयोग जगात पहिल्यांदा लंडनमध्ये झाला. १८५० च्या सुमारास त्या शहराची वस्ती वीस लाखांवर गेली होती. गावोगावच्या रेल्वे शहराच्या वेशीपर्यंत येऊन थांबत आणि तिथून पुढे घोडागाड्यांची अशी कोंडी होई, की पायी जाणारा आधी पोचे. श्रीमंतांचे चालून जाई. गरिबाला मात्र कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावरच राहावे लागे. म्हणून एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे दाटीने राहत. गिरणगावातल्या खोल्यांतून आपली माणसे जशी पाळीपाळीने झोपली, तसाच तो प्रकार.

त्या शहरात चार्ल्स पिअर्सन नावाचा एक वकील होता. लंडन नगरपालिकेचा तो कायदेसल्लागार. हा मनुष्य १८४५ पासून एकच गोष्ट सांगत होता : फ्लीट नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यातून जमिनीखालून रेल्वे न्या, शहराबाहेर मोकळ्या हवेत कामगारांसाठी घरे बांधा, आणि त्यांना परवडेल अशा भाड्यात रोज ने-आण करा. त्याच्या डोक्यात आधी कामगाराचे घर होते, रेल्वे नंतर आली. लोकांनी त्याची टवाळी केली. १८५४ मध्ये कायदा झाला, पण भांडवल जमेना. तेव्हा याच पिअर्सनने खटपट करून नगरपालिकेकडून दोन लाख पौंड मिळवून दिले आणि १८६० मध्ये खणायला सुरुवात झाली.

खणण्याची रीत अगदी साधी होती. रस्ता उकलायचा, खोल चर खणायचा, दोन्ही बाजूंनी विटांच्या भिंती चढवायच्या, वर कमान वळवायची आणि रस्ता पुन्हा बुजवायचा. आपण विहीर बांधून काढतो, ती आडवी बांधावी तसे. रस्त्याखालून गेले की घरमालकांना भरपाई द्यावी लागत नाही, हा हिशेब त्यामागे होता. पण जिथे रस्ता नव्हता तिथे घरे पाडणे आले. आणि पाडायला सोपी घरे कुणाची? गरिबांची. जागेच्या मालकाला मोबदला मिळाला. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या भाडेकऱ्याला काही मिळाले नाही. तो बिऱ्हाड उचलून शेजारच्या आणखी दाट वस्तीत शिरला. मित्रहो, ज्या गरिबाला मोकळ्या हवेत न्यायचे म्हणून ही रेल्वे निघाली, त्याच्याच डोक्यावरचे छप्पर तिने पहिल्याने काढले!

जून १८६२ मध्ये तो फ्लीट ओढा, ज्याचे तोवर गटार झाले होते, भिंत फोडून बांधकामात शिरला. सारे निस्तरून १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन असा सुमारे सहा किलोमीटरांचा मार्ग लोकांना खुला झाला. म्हणजे जगातली ती पहिली अख्खी भुयारी रेल्वे आपल्या करबुड्याच्या बोगद्यापेक्षा थोडी आखूडच होती. पहिल्या दिवशी अडतीस हजार माणसे तिच्यातून गेली आणि पहिल्या वर्षात पंचाण्णव लाख. पिअर्सन मात्र ते पाहायला नव्हता. चार महिने आधी, सप्टेंबर १८६२ मध्ये तो वारला.

या गाडीला इंजिन वाफेचे होते. वाफ बाहेर न सोडता पाण्याच्या टाकीत जिरवण्याची युक्ती केली होती, तरी धूर तो धूरच. भुयारात गंधकाचा वास भरे, डब्यांतून गॅसचे दिवे, माणसे खोकत. तरीही गर्दी हटली नाही, कारण वेळ वाचत होता.

आणि आता माझ्या मुद्द्याची गोष्ट. मे १८६४ पासून या कंपनीने पहाटे सहाच्या आत सुटणाऱ्या खास कामगार गाड्या सुरू केल्या. तिकीट जाऊन-येऊन तीन पेन्स. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने स्वस्त गाड्यांचा कायदाच केला : सरकार हलक्या भाड्यावरचा कर माफ करील, आणि त्याच्या बदल्यात रेल्वे कंपन्यांनी कामगारांच्या वेळेला, कामगारांना परवडेल अशा गाड्या सोडल्या पाहिजेत. कंपन्यांच्या मर्जीवर जे होते ते कायद्याने बांधले गेले. पिअर्सनचे निम्मे स्वप्न यंत्राने पुरे केले होते. उरलेले निम्मे या तीन पेन्सांनी आणि या कायद्याने पुरे केले.

पुढची अडचण खोलीची होती. रस्ते किती वेळा उकलणार? तिचे उत्तर एका किड्याने दिले. आपल्या दाभोळच्या, वेलदूरच्या खाडीत होडीचा तळ पोखरणारा किडा असतो, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. लाकूड पोखरताना त्याच्या डोक्यावर कवच असते, आणि मागे राहिलेल्या भोकाला तो आतून चुन्यासारखा लेप देत जातो. मार्क ब्रुनेल या अभियंत्याने त्याच्यापासून धडा घेतला. छत्तीस खणांचा एक लोखंडी सांगाडा केला, प्रत्येक खणात एक मजूर उभा. समोरची माती थोडी थोडी काढायची, सांगाडा पुढे ढकलायचा आणि मागे विटांचे बांधकाम करीत यायचे. थेम्स नदीखालचे भुयार त्याने १८२५ मध्ये सुरू केले आणि ते १८४३ मध्ये खुले झाले. नदी अनेकदा आत शिरली. १८२८ च्या पुरात सहा माणसे गेली. ग्रेटहेड नावाच्या अभियंत्याने हाच सांगाडा गोल आणि सुटसुटीत केला. १८९० च्या डिसेंबरात लंडनमध्ये खोल नळीतून विजेवर चालणारी पहिली गाडी प्रवाशांसाठी सुरू झाली. तिच्या डब्यांना नावापुरत्याच खिडक्या, कारण बाहेर बघायचे काय? पण तिच्यात वर्ग एकच होता आणि भाडे सरसकट दोन पेन्स. धूर गेला आणि वर्गही गेले!

मग ही रेल्वे जगभर पसरली. बुडापेस्ट १८९६, पॅरिस १९००, न्यूयॉर्क १९०४, टोकियो १९२७, मॉस्को १९३५. या यादीत पॅरिसपाशी क्षणभर थांबतो. ऑगस्ट १९०३ मध्ये तिथे गाडीला आग लागली आणि चौऱ्याऐंशी माणसे गुदमरून मेली. दिव्यांना आणि गाडीला वीज एकाच ठिकाणाहून येत होती. ती गेल्यावर काळोख झाला आणि बाहेरची वाट दिसेना. गाडी रिकामी करायला सांगितल्यावर तिकिटाचे पैसे परत मागत काही प्रवासी फलाटावर रेंगाळले, असेही सांगतात. काही पैशांची ती बाब. पण ज्याला ते पैसे मोजून खर्चावे लागतात, त्याला हसू नका. त्यानंतर दिव्यांची वीज वेगळी झाली आणि बाहेरच्या वाटेवर दिवे लागले. सुरक्षेचा प्रत्येक नियम असाच कुणाच्या तरी प्राणाच्या किमतीला मिळालेला असतो.

आता आपल्याकडे येऊ. लंडनची गाडी सुरू झाली त्याच वर्षी, एप्रिल १८६३ मध्ये, आपला बोरघाट रेल्वेला खुला झाला. पंचवीस बोगदे. भरात असताना चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. पटकीने माणसे हजारांनी मेली. आणि १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या प्रश्नावरून तिथे मोठी दंगल झाली. आमच्या संघटनांचा इतिहास गिरण्यांपासून सुरू होतो असे लोक समजतात. त्याचे एक पान त्याआधी बोरघाटात लिहिले गेले आहे.

जमिनीखालची गाडी मात्र आपल्या देशाला १९८४ मध्ये मिळाली, ती कलकत्त्याला. २४ ऑक्टोबर रोजी सुमारे साडेतीन किलोमीटरांचा पहिला तुकडा सुरू झाला. मुंबईत भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी सुरू झाली, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडला पोचली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके, त्यांतली सव्वीस जमिनीखाली. खर्च सुमारे सदतीस हजार कोटी. खोदणारी यंत्रे सतरा, आणि त्यांना कृष्णा, वैतरणा, सूर्या अशी नद्यांची नावे. ही यंत्रे म्हणजे त्या होडी पोखरणाऱ्या किड्याचीच आजची पिढी : पुढे पोखरायचे, मागे काँक्रीटची कडी बसवीत यायचे. मुंबई सेंट्रलच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. ज्यांनी या देशातल्या पहिल्या आगगाडीसाठी खटपट केली, त्यांचे नाव मुंबईच्या पहिल्या भुयारी गाडीच्या स्थानकाला लाभले, हे योग्यच झाले. आणि लंडनचा फ्लीट ओढा आठवतो ना? २६ मे २०२५ च्या पावसात अत्रे चौकाच्या स्थानकात पाणी शिरले आणि गाडी तेवढ्या टोकाला थांबवावी लागली. पाणी एकशे त्रेसष्ट वर्षांत काही विसरलेले नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. या गाडीचे काम चालू असताना मी सभांतून सांगत होतो, की हा श्रीमंतांचा चोचला आहे, तो नकोच. मी ते मनापासून सांगितले आणि ते चुकीचे होते. एकदा गिरगावात रस्त्याकडेच्या पत्र्यांआड मला एक खोदकामगार भेटला, झारखंडचा. मी त्याला म्हणालो, "भाई, ही गाडी तुझ्या-माझ्यासाठी नाही." तो म्हणाला, "साहेब, गाडी वाईट कशी? मी इतक्या खाली उतरून केली आहे. तिच्यात बसायला मिळत नाही, ते वाईट." मी तीस वर्षे भाषणे केली, पण माझी चूक त्या माणसाने एका वाक्यात दाखवली. वाद यंत्राशी नव्हताच, तिकिटाशी होता.

मार्ग पुरा झाला तेव्हा या गाडीचे भाडे कमीत कमी दहा रुपये आणि टोकापासून टोकापर्यंत सत्तर रुपये होते. जाऊन-येऊन एकशे चाळीस. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या पासावर महिना काढणाऱ्या माणसाला हा हिशेब बसत नाही. कोणी म्हणतील, सदतीस हजार कोटी घातले, ते कुठून भरून काढायचे? प्रश्न रास्त आहे. पण लंडनच्या कंपनीलाही भागधारकांना नफा द्यायचा होता आणि तरी तिने पहाटेच्या गाड्या तीन पेन्सांत सोडल्या. पहाटे डबे रिकामेच धावतात. त्यांत सफाईवाली बाई, इस्पितळातली आया, पहारेकरी बसले तर विजेचा खर्च किती वाढणार?

म्हणून माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. पहिली ही, की पहाटेच्या आणि रात्रीच्या पाळीच्या वेळी कामगारासाठी स्वस्त तिकीट असावे, आणि ते मेहेरबानी म्हणून नव्हे, कायद्याने असावे. दुसरी ही, की गिरगाव-काळबादेवीच्या ज्या चाळी या गाडीसाठी पाडल्या गेल्या, त्यांतल्या भाडेकऱ्यांना त्याच परिसरात घर देण्याची जी योजना आहे, ती शेवटच्या भाडेकऱ्यापर्यंत पुरी व्हावी. त्या चाळींतून आपल्या कोकणच्या पिढ्या वाढल्या आहेत. लंडनच्या भाडेकऱ्याला जे मिळाले नाही, ते गिरगावच्या भाडेकऱ्याला मिळाले, असे आपल्याला सांगता आले पाहिजे.

पुढच्या वेळी तुमच्या घरचा चाकरमानी शिमग्याला येईल, तेव्हा त्याला एवढेच विचारा : "बाबा, त्या भुयारातल्या गाडीत तू रोज बसतोस का?" तो 'हो' म्हणाला, तर पिअर्सनचे काम मुंबईत पुरे झाले असे समजा. 'नाही' म्हणाला, तर ते अजून आपल्याकडे बाकी आहे.