पाच हजार मोठे की चाळीस?

आम्ही शीळफाट्याच्या बायका आज तुमच्याशी दोन कागदांबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पुढे किरणोपचार घ्यायचे ठरले, आपण ज्याला ‘लाइट देणं’ किंवा ‘शेक’ म्हणतो तेच. शीळफाट्याच्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत त्या रोज जायच्या. एक दिवस घरातल्या जुन्या पेटीत त्यांना सासूबाईंची फाइल सापडली. सासूबाईंनाही हाच आजार झाला होता. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, ‘५००० रॅड’. ताईंच्या कागदावर होतं, ‘४० ग्रे’.

ताईंचा चेहराच उतरला. “सासूबाईंना पाच हजार आणि मला फक्त चाळीस? आपण गरीब म्हणून कमी देतात का गं?” आम्हालाही उत्तर येईना. या शंकेपायी ताई दोन दिवस उपचाराला गेल्याच नाहीत. शेवटी आमच्यातल्या दोघी दोन्ही कागद घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. तिथे मशीनचा डोस ठरवणाऱ्या मॅडमनी शांतपणे समजावलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. इथेही हिशेब तसाच आहे. ग्रे म्हणजे रुपया, रॅड म्हणजे पैसा. १ ग्रे म्हणजे १०० रॅड.

किरणांची जेवढी ऊर्जा शरीरात शोषली जाते, तिचं हे माप आहे. रॅड हे जुनं माप १९५३ साली आलं. १९७५ साली ग्रे हे नवं माप जगभरासाठी ठरलं. एक किलो वजनाच्या पदार्थात एक जूल ऊर्जा शोषली गेली की झाला एक ग्रे. लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं आहे.

म्हणजे सासूबाईंचे ५००० रॅड म्हणजे ५० ग्रे. आणि ताईंचे ४० ग्रे म्हणजे ४००० रॅड. कुठे पाच हजार आणि चाळीस, आणि कुठे पन्नास आणि चाळीस!

तरी ताईंनी विचारलंच, “दहा कमी का?” बरोबर प्रश्न होता. सासूबाईंना २५ दिवस रोज २ ग्रे दिले होते. ताईंना १५ दिवसांत ४० ग्रे, म्हणजे रोज सुमारे २.६७ ग्रे. रोजचा डोस मोठा असला की एकूण डोस कमी ठेवूनही तेवढंच काम होतं. मोठ्या अभ्यासांतून हे तपासलेलं आहे, आणि बाईचे दहा दिवसांचे हेलपाटे वाचतात. म्हणून नुसता एकूण आकडा बघू नका, किती दिवसांत दिला तेही बघा.

काही कागदांवर ‘सेंटिग्रे’ लिहिलेलं असतं. त्याला घाबरू नका. १ सेंटिग्रे म्हणजे बरोबर १ रॅड. ‘मिलिग्रे’ असेल तर १० मिलिग्रे म्हणजे १ रॅड.

आपल्या काही मुली एक्स-रे टेक्निशियन आहेत. त्या छातीवर बॅज लावतात. त्यांच्या अहवालात ‘मिलिसिव्हर्ट’ असतं आणि जुन्या पुस्तकांत ‘रेम’. किरणांमुळे शरीराला किती धोका पोचू शकतो, त्याचं हे माप. तिथेही शंभराचाच हिशेब, १ सिव्हर्ट म्हणजे १०० रेम. आपल्या देशात अशा कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. म्हणजे २ रेम. मुलींनो, अहवाल आला की आकडा स्वतः वाचा, सही करून नुसता ठेवून देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. वाण्याकडे “दोन द्या” म्हटलं तर तो विचारतो, दोन किलो की दोन पाव? डोसचंही तसंच. नुसता आकडा लिहू नका, नुसता आकडा सांगू नका. एखाद्या बाईला पुढे पुन्हा शेक द्यायची वेळ आली, तर आधी कुठे, किती आणि कोणत्या मापात दिला होता हे डॉक्टरांना कळलंच पाहिजे. तिथे शंभरपटीचा गोंधळ परवडणार नाही. म्हणून उपचार संपल्यावर मिळणारा सारांशाचा कागद रेशनकार्डासारखा जपा. त्याची झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि घरातल्या एकीला तरी दाखवून ठेवा. हिशेब आपण घरी केला तरी जुना कागदच डॉक्टरांपुढे ठेवा.

ताईंचे पंधरा दिवस पूर्ण झाले. चुकलेले दोन दिवस डॉक्टरांनी पुढे भरून काढले, पण चांगलंच रागावलेही. “शंका आली तर घरी बसू नका, इथे येऊन विचारा,” म्हणाले. मैत्रिणींनो, आम्हीही तेच सांगतो. विचारायला लाजू नका. एकटीला धीर होत नसेल तर आम्हाला हाक मारा, आम्ही बरोबर येऊ.